बारावीनंतरची गुणवत्ता शिष्यवृत्ती: अर्ज कुठे अडतो आणि तो पुढे कसा न्यायचा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर ठरलेला संवाद सुरू होतो. "सर, फॉर्म भरला होता, पण पैसे नाही आले." गुणपत्रिका मागावी तर ८५-९० टक्के. अर्ज उघडून बघावा तर कारण गुणांच्या आसपासही नसतं. आधारवर आडनावाचं स्पेलिंग निराळं, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा, बँक खातं तिसरंच, नाहीतर अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये महिनाभर पडून आणि मुलाला त्याचा पत्ता नाही.

यातली बहुतेक कामं अवघड नाहीत. ती चुकीच्या क्रमाने केली जातात, एवढंच. आधी फॉर्म भरायचा आणि मग कागद शोधायचे, असा उलटा कारभार असतो. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने जा. रकमा आणि मर्यादा अलीकडच्या नियमांप्रमाणे दिल्या आहेत. अर्ज उघडल्यावर त्या वर्षीची मार्गदर्शक सूचना पोर्टलवर असते, ती सगळी वाचा. आठ-दहा पानंच असतात.

टप्पा १: आपण कशाला पात्र आहोत, ते आधी कागदावर मांडा

"स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय" असं म्हणत मुलं येतात. कोणती, ते माहीत नसतं. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलासमोर ढोबळमानाने चार दारं असतात: केंद्र सरकार, राज्य सरकार, कंपन्या व ट्रस्ट, आणि कॉलेज किंवा विद्यापीठाची स्वतःची सवलत.

केंद्राची सर्वांत व्यापक योजना म्हणजे कॉलेज व विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींना. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला चौथ्या वर्षी २०,००० मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत हवं आणि शिक्षण नियमित हवं. दूरशिक्षण आणि पदविका यात बसत नाहीत.

इथली गुणांची अट नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. अट ८० टक्क्यांची नाही, ८० पर्सेंटाइलची आहे. तुमच्या बोर्डात तुमच्या शाखेतून पास झालेली सगळी मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर वरच्या साधारण वीस टक्क्यांत तुम्ही असायला हवं. शंभर मुलांच्या रांगेत पहिल्या विसांत. ही रांग विज्ञान, वाणिज्य आणि कला यांची वेगवेगळी लागते. त्यामुळे कला शाखेची मुलगी ७४ टक्क्यांना पात्र ठरू शकते आणि विज्ञानाचा मुलगा ८१ टक्क्यांना बाहेर राहू शकतो. "मला ८० नाहीत, माझं काय होणार" म्हणून अर्जच न करणाऱ्या कलेच्या मुली मी दरवर्षी बघतो. बोर्ड शाखानिहाय किमान गुण जाहीर करतं; बोर्डाच्या संकेतस्थळावर आपल्या उत्तीर्ण वर्षाचा आकडा बघा आणि मगच ठरवा.

दुसरी गोष्ट: किमान गुण ओलांडले म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, असं नाही. प्रत्येक राज्याच्या बोर्डाला ठरावीक कोटा असतो. तो विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत ३:२:१ असा वाटला जातो, शिवाय सामाजिक आरक्षण लागू असतं. पात्र अर्जांची गुणवत्ता यादी लागते आणि यादीत नाव आलं तर पैसे. त्यामुळे काठावर असाल तर अर्ज जरूर करा, पण त्या बारा हजारांवर हॉस्टेलचं भाडं ठरवू नका.

बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सी करणाऱ्यांनी इन्स्पायर योजनेकडे आधी बघावं. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे: ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. वर्षाला १२,००० जागा. बारावीला आपल्या बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असणं, किंवा जेईई, नीटसारख्या परीक्षेत पहिल्या दहा हजारांत असणं ही अट. आणि शिक्षण मूलभूत विज्ञानातच हवं. नीटचा चांगला रँक घेऊन एमबीबीएसला गेलात तर ती मिळत नाही. हिचा अर्ज इन्स्पायरच्या वेगळ्या पोर्टलवर असतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि "यंदा निघालीच नाही" असं वाटून गप्प बसाल. हे दरवर्षी होतं.

तांत्रिक शिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नमर्यादा आठ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. पदवी आणि पदविका दोन्हींना. निवड गुणांवर. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर सक्षम योजना आहे.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. त्यांतली राज्य शासनाची खुली गुणवत्ता शिष्यवृत्ती किंवा गणित-भौतिकशास्त्र विषयाच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती यांच्या रकमा फारच किरकोळ आहेत. खरा फरक पडतो तो शुल्कसवलतीने. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. ही गुणवत्ता शिष्यवृत्ती नव्हे, हे खरं. पण पुढच्या हिशेबात ती धरल्याशिवाय चालत नाही.

ट्रस्टांपैकी रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती (पूर्ण पदवीला मिळून दोन लाखांपर्यंत, बारावीला ६० टक्के, सोबत अभियोग्यता चाचणी) आणि कोटक कन्या (व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींसाठी वर्षाला दीड लाखांपर्यंत, बारावीला ७५ टक्के, उत्पन्न सहा लाखांच्या आत) ही दोन नावं यादीत ठेवा. दोन्ही पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांसाठी आहेत. "सेकंड इयरला बघू" म्हटलंत की दार बंद.

सावधान: खासगी विद्यापीठं प्रवेशाच्या वेळी "शंभर टक्के स्कॉलरशिप" असं सांगतात. ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षांची, कोणत्या शुल्कावर आहे आणि टिकवायला किती सीजीपीए (सर्व सत्रांची दहापैकी सरासरी) लागतो, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सीजीपीए ८.५ च्या खाली आला की सवलत बंद, अशी अट बारीक अक्षरांत असू शकते आणि ती पालकांना दुसऱ्या वर्षाची फी भरताना कळते.

टप्पा २: एकीला हो म्हणण्याआधी हिशेब करा

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती, राज्याची शुल्कमाफी किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेता येत नाही. हे न वाचता मुलं दोन्हीकडे अर्ज करतात, दोन्हीकडे मंजूर होतात आणि मग एक रक्कम परत करण्याची नोटीस येते. तोवर ती खर्च झालेली असते.

समजा एका मुलाने कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि शिक्षणशुल्क वर्षाला १,००,००० रुपये आहे. शाहू महाराज योजनेत त्याचे ५०,००० वाचतात. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत १२,००० मिळतात. इथे विचार करायलाही वेळ लागू नये. तरी "केंद्राची आहे, मान मोठा" म्हणून १२,००० निवडणारे पालक मी पाहिलेत.

आता उलट बाजू. मुलगी साध्या अनुदानित कॉलेजात बीएला आहे, शुल्कच काही हजारांत आहे. तिला व्यावसायिक शुल्कसवलतीचा उपयोग नाही. तिने केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीच घ्यावी. तीन वर्षांत ३६,००० रुपये हातात येतात. आणि बीएस्सीची मुलगी वरच्या एक टक्क्यात असेल तर इन्स्पायरपुढे बाकी सगळं दुय्यम.

ट्रस्टांचे नियम एकसारखे नसतात. काही ट्रस्ट सरकारी शिष्यवृत्ती चालवून घेतात, काही नाही, काही फक्त "कळवा" म्हणतात. प्रत्येकाच्या नियमावलीत "इतर शिष्यवृत्ती" हा शब्द शोधा.

तपासा: एका कागदावर चार रकाने आखा: योजना, चारही वर्षांची मिळून रक्कम, कोणासोबत चालत नाही, शेवटची तारीख. हा कागद तयार नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: नाव एक करा

हे काम बारावीची परीक्षा संपली की लगेच सुरू करायचं. निकालाची वाट बघायची नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं आणि आईचं नाव स्वतंत्र रकान्यात असतं. आधारवर मात्र बहुतेकांचं नाव स्वतःच्या नावापासून सुरू होतं. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही, पडताळणी करणाऱ्याला ते कळतं. अडतं ते स्पेलिंगने. गेल्या वर्षी एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक 'ए' होता, आधारवर दोन, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचं घरगुती नाव. तीन कागद, तीन बाप, असं आमचे क्लार्क गमतीने म्हणाले. मुलीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

नियम सोपा ठेवा: दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद. बाकी सगळे कागद तिच्याशी जुळवा. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी हाती घ्या. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. घाईघाईत केंद्रावर जाऊन अर्धवट दुरुस्ती केलीत, तर उरलेली एकच संधी हातात राहते. काय बदलायचं ते कागदावर लिहून न्या आणि पावती घेण्याआधी पडद्यावरचं स्पेलिंग एकेक अक्षर वाचा.

आणखी एक. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यायचे असतात. बऱ्याच मुलांचं ते राहून गेलेलं असतं. पुढे नोंदणीच्या वेळी चेहरा जुळत नाही, आणि मग दोष मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिला जातो.

तपासा: आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, आणि तो फोन घरात कोणाकडे आहे? बाहेरगावी कामाला असलेल्या भावाकडे असेल तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करावा लागेल.

टप्पा ४: बँक खातं

"आधार लिंक आहे" असं मुलं ठामपणे सांगतात. बँकेने केवायसीसाठी आधार घेणं ही एक गोष्ट झाली. सरकारी पैसे ज्या खात्यात पडतात ते खातं आधारला जोडणं, म्हणजे सीडिंग, ही दुसरी. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधार क्रमांकावर येतात आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असतं तिथे जातात. एका वेळी एकच बँक. नवीन ठिकाणी संमती दिली की जुनी नोंद पुसली जाते.

यातून होणारा घोटाळा असा. एका विद्यार्थ्याने अर्जात गावातल्या बँकेचं पासबुक जोडलं होतं. पोर्टल सांगतंय पैसे जमा झाले, पासबुकात एंट्री नाही. शोध घेतला तर सिमकार्ड घेताना दुकानदाराने मोबाइलवर एक पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं होतं आणि संमतीच्या खुणेवर टिक केली होती. पैसे सात महिने त्या खात्यात पडून होते. विद्यार्थ्याला असं खातं आहे हेच माहीत नव्हतं.

म्हणून हे करा:

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती दिसते. बँक दुसरीच असेल किंवा स्थिती निष्क्रिय असेल तर आपल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी सीडिंग" असं म्हणा. काउंटरवरची व्यक्ती वेगळा फॉर्म देईल. आठवड्याने परत स्थिती तपासा.

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं, वडिलांचं चालत नाही. कमी कागदपत्रांवर उघडलेल्या 'स्मॉल' खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. इन्स्पायरसारखी मोठी रक्कम अशा खात्यात अडकते. पूर्ण केवायसी करून घ्या.

ट्रस्ट पैसे पाठवतात ते खाते क्रमांक आणि आयएफएससीवर. घरातलं पासबुक विलीन झालेल्या बँकेचं असेल, उदाहरणार्थ २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेलेल्या देना बँकेचं, तर त्यावरचा जुना कोड चालणार नाही. नवीन पासबुक छापून घ्या.

टप्पा ५: उत्पन्नाचा दाखला आणि बाकी कागद

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा पोर्टलवरून अर्ज होतो. एक वर्षाचा दाखला सहसा ३१ मार्चपर्यंतच वैध असतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला ऑगस्टच्या अर्जाला उपयोगी पडत नाही. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली की सेतूवर रांगा लागतात. पंधरा दिवस हाताशी ठेवूनच जा.

दाखल्यावर कुटुंबाचं सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न असतं: आईची नोकरी, शेती, भाडं, सगळं. "थोडं कमी दाखवून घ्या" असा सल्ला देणारे भेटतीलच. वडिलांच्या फॉर्म १६ वर सहा लाख आणि दाखल्यावर दोन लाख असेल, तर ट्रस्टच्या मुलाखतीत तो पहिला प्रश्न असतो आणि बहुधा शेवटचाही.

बाकी यादी लांबवत नाही: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशाची पावती, कॉलेजचं बोनाफाइड, कॅपमधून प्रवेश असेल तर जागा मिळाल्याचं पत्र. इन्स्पायरसाठी बोर्डाचं पात्रतापत्र असेल तर ते, आणि प्राचार्यांच्या सहीचं त्यांच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. सगळं मूळ कागदावरून सरळ स्कॅन करा. मोबाइलने काढलेल्या फोटोत कोपऱ्यात अंगठा दिसतो, शिक्का कापला जातो आणि अर्ज परत येतो. फाइलला नाव द्या: 'उत्पन्न_२०२५' वगैरे. 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे, अशा वीस फाइलींतून मध्यरात्री दाखला शोधणं हा छंद होऊ शकत नाही.

टप्पा ६: नोंदणी आणि अर्ज

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, तिला ओटीआर म्हणतात. आधारवरून आणि मोबाइलवर चेहरा दाखवून ती होते, आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुढच्या सगळ्या वर्षांना तोच. दुसऱ्या वर्षी नवीन नोंदणी करायला गेलात की गोंधळ सुरू. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सायबर कॅफेत अर्ज भरायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच द्या. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, स्वतःच पासवर्ड ठरवतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ते कॅफे बंद झालेलं असतं. अर्ज परत आल्याचा संदेशही त्याच नंबरवर गेलेला असतो.

अर्ज भरताना बहुतेकांच्या चुका या चार जागी होतात:

१. बोर्ड आणि उत्तीर्ण वर्ष. फेरपरीक्षा दिली असेल तर कुठलं वर्ष टाकायचं, ते कॉलेजला विचारून टाका.

२. गुण. मिळालेले गुण आणि एकूण गुण गुणपत्रिकेवर आहेत तसेच. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' स्वतःच्या मनाने काढू नका.

३. कॉलेजची निवड. एकाच संस्थेची कला-विज्ञान, वाणिज्य आणि कनिष्ठ महाविद्यालयं वेगळ्या नोंदीत असतात, नावं जवळपास सारखी. कॉलेजला आपला कोड विचारा आणि तोच निवडा. चुकीचं कॉलेज निवडलं तर अर्ज अशा लॉगिनमध्ये जाऊन बसतो जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही.

४. हॉस्टेल की घरी राहणारा. हॉस्टेल लिहिलं तर त्याचा पुरावा लागतो.

सावधान: 'सेव्ह' म्हणजे 'सबमिट' नव्हे. शेवटचं बटण दाबल्यावर अर्ज क्रमांकासह छापील प्रत निघते. प्रत निघाली नसेल तर अर्ज गेलेला नाही.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, हे सगळेच सांगतात. माझं कारण वेगळं आहे: आधी आलेले अर्ज कॉलेज आधी तपासतं आणि त्रुटी निघाली तर दुरुस्तीला दिवस उरतात. शेवटच्या दिवशी आलेल्या अर्जात त्रुटी निघाली तर दुरुस्ती करायला वेळच राहत नाही.

टप्पा ७: अर्ज कॉलेजकडून पुढे गेला का, ते बघा

इथे सर्वांत जास्त चांगले अर्ज मरतात, म्हणून हा टप्पा लांबवतोय.

ऑनलाइन अर्ज केला की आपलं काम संपलं, असं मुलांना वाटतं. खरं तर तो अर्ज आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला नेमलेल्या माणसाच्या, लॉगिनमध्ये येतो. त्याने कागद बघून मान्य केला, तरच तो वरच्या पातळीवर जातो. कॉलेजच्या पडताळणीची तारीख विद्यार्थ्यांच्या तारखेपेक्षा वेगळी असते आणि ती उलटली की मान्य न झालेले अर्ज तिथेच थांबतात.

आमच्याकडचं चित्र सांगतो. एक क्लार्क, दोन पोर्टल, सहाशे अर्ज, त्यात परीक्षेचे फॉर्मही त्यांच्याकडेच. ज्या मुलाने छापील प्रत आणि कागद आणून टेबलावर ठेवले, त्याचा अर्ज त्याच आठवड्यात बघितला जातो. ज्याने फक्त ऑनलाइन पाठवला, त्याचा नंतर कधीतरी. यात अन्याय आहे, मान्य. पण पद्धत हीच आहे, आणि ती तुमच्या बाजूने वळवता येते.

प्रत देताना आवक नोंद किंवा तारखेसह सही घ्या. मग दर पाच-सहा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघा. 'डिफेक्टिव्ह' किंवा 'सेंड बॅक' दिसलं तर घाबरू नका. अर्ज नाकारलेला नाही, दुरुस्तीसाठी परत आलाय. शेरा वाचा. "उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट" असेल तर फक्त तोच बदला, बाकीला हात लावू नका, आणि पुन्हा सबमिट करा. दुरुस्त करून सबमिट न करणारे महाभागही असतात. सबमिट केल्यावर कॉलेजात जाऊन सांगा, कारण परत आलेला अर्ज पुन्हा यादीच्या तळाशी जातो.

"नाकारला" असं दिसलं तर कारणासह स्क्रीनशॉट घ्या आणि तारीख उलटण्याआधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. तोंडी विनंतीची नोंद कुठे राहत नाही.

टप्पा ८: ट्रस्टचे निवेदन, शिफारसपत्र आणि मुलाखत

सरकारी योजनेत गुण आणि कागद बोलतात. ट्रस्टकडे मात्र तुम्हाला स्वतः बोलावं लागतं. तिथे येणाऱ्या निवेदनांपैकी बहुतेकांची सुरुवात अशी असते: "मला लहानपणापासून इंजिनिअर होण्याची आवड आहे. मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे." वाचणाऱ्याने सकाळपासून अशी चाळीस वाचलेली असतात.

त्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांगा. उदाहरण म्हणून असं: "आमच्या गावचा पाण्याचा पंप आठवड्यातून दोनदा बंद पडायचा. मी दोन महिने वहीत वेळ टिपून ठेवली. संध्याकाळी सात ते आठ, विजेचा दाब कमी असतानाच तो बंद पडतो, हे लक्षात आलं. वही वायरमनकाकांना दाखवली." मेहनती आहे, असं यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजही उरली नाही.

घरच्या अडचणीबद्दल आकड्यांत लिहा, विशेषणांत नको. "परिस्थिती अत्यंत हलाखीची" यापेक्षा "वडिलांचा पगार १४,०००, त्यातले ४,५०० घरभाडं, आजोबांची औषधं" हे जास्त कळतं. मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीतच लिहा. मोडक्या इंग्रजीने तुमचा विचार लहान दिसतो. आणि एकच निवेदन पाच ठिकाणी पाठवताना पहिल्या ट्रस्टचं नाव दुसऱ्याच्या अर्जात राहू देऊ नका. हसू नका, हे होतं.

शिफारसपत्रासाठी सरांकडे किमान तीन आठवडे आधी जा आणि सोबत एक पान द्या: कोणत्या विषयात काय केलं, कोणता प्रकल्प, पत्र कुठे आणि कधीपर्यंत पाठवायचं. दीडशे मुलांच्या वर्गात सरांना तुमचा चेहरा आठवतो, तपशील नाही. पान नसेल तर "विद्यार्थी हुशार व शिस्तप्रिय आहे" एवढंच पत्र मिळणार.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "ही शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय करशील?" "शिक्षण सोडावं लागेल" हे उत्तर ऐकायला करुण वाटतं, पण पुढचं पाऊल ठरलेलं नाही असंही त्यातून दिसतं. शैक्षणिक कर्ज, कमवा आणि शिका योजना, शिकवण्या, जे खरंच ठरवलं असेल ते सांगा.

सावधान: शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून 'प्रोसेसिंग फी' मागणारा, किंवा "रक्कम जमा करायची आहे, ओटीपी सांगा" असा फोन करणारा भामटाच असतो. कितीही मोठ्या नावाचा लोगो दाखवला तरी.

टप्पा ९: पैसे आले, आता ते चालू ठेवा

यादीत नाव आलं की पीएफएमएसच्या (सरकारी पैसे वाटणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेच्या) संकेतस्थळावर रक्कम कुठपर्यंत आली ते बघता येतं. तिथे 'यशस्वी' दिसलं आणि पासबुकात नसेल, तर टप्पा ४ मध्ये सांगितलेला प्रकार झालाय का ते आधी तपासा. विभागाला तक्रार नंतर.

शिष्यवृत्ती दरवर्षी आपोआप पुढे सरकत नाही. नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा असतो. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला आधीच्या वर्षात किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या सत्रात कॉलेजचं नवं वारं, एनएसएसचं शिबिर, घरचं लग्न असं करत हजेरी साठवर येते आणि मार्चमध्ये कॉलेजला प्रमाणपत्र देता येत नाही. सत्राच्या मध्येच हजेरी विचारून घ्या. इन्स्पायरला प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका आणि प्रगतीचा अहवाल वेळेत अपलोड करावा लागतो. उन्हाळी प्रकल्पाचे २०,००० तो प्रकल्प खरंच केल्यावरच मिळतात, तेव्हा मार्गदर्शकाशी जानेवारीतच बोलून ठेवा.

विद्यापीठाचा निकाल उशिरा लागला आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली, हा नेहमीचा पेच. अशा वेळी थांबून राहू नका. इंटरनेटवरची गुणपत्रिका छापून त्यावर कॉलेजचा शिक्का घ्या आणि ती जोडता येईल का, ते नोडल अधिकाऱ्यांना विचारा. मूळ गुणपत्रिका आली की त्याच दिवशी त्यांच्याकडे नेऊन द्या. मध्येच कॉलेज बदललं तर जुन्या कॉलेजला कळवल्याशिवाय नव्या कॉलेजातून नूतनीकरण करू नका; पोर्टलवर तुम्ही अजून जुन्याच कॉलेजचे असता आणि अर्ज पुन्हा तिथेच जाऊन पडतो.